वेल्डिंग करण्याआधी आतलं कार्पेट उचलून बघा

सायलेन्सरच्या वरच्या हीट शील्डचा (उष्णता अडवणाऱ्या पातळ पत्र्याचा) नट नुसता फिरतोय, घट्ट होत नाही आणि निघतही नाही, आणि गॅरेजवाला म्हणतो "दोन मिनिटांत नवा बोल्ट वेल्ड करून देतो", असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य ऐकून मी हो म्हटलं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी मेकॅनिक नाही. जे सांगतोय ते माझ्या गाडीवरून.

माझ्या वेळी त्यांनी खरंच दोन मिनिटांत काम उरकलं. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली नाही, आणि आत काय आहे हेही कुणी पाहिलं नाही. बोल्ट वेल्ड करतात तो गाडीच्या तळाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. त्याच्या दुसऱ्या बाजूला डांबराचा थर, त्यावर फेल्ट, त्यावर कार्पेट. घरी येताना गाडीत जळका वास येत होता, तो मी सायलेन्सरचा समजलो. पुढच्या पावसाळ्यात मागच्या सीटखालचं कार्पेट ओलं लागलं. उचललं तर फेल्टला तळहाताएवढं काळं भोक, आणि खाली वेल्डच्या भोवती रंग जळून गेलेला पत्रा, बोटाने दाबला की पापुद्रे निघत होते. शेवटी तेवढा भाग कापून नवा तुकडा बसवावा लागला. त्याच गॅरेजमध्ये चार हेलपाटे घातले, उत्तर एकच: "गाडी जुनी आहे, गंज धरणारच." बाकी पत्रा कोरा करकरीत आणि गंज नेमका वेल्डभोवती गोल, हे दाखवूनही कुणी ऐकलं नाही. याचा राग अजून जात नाही.

आता तुमच्या नटाचं. आधी बघा, फक्त नट फिरतोय की स्टडही (तळाच्या पत्र्याला वेल्ड केलेला, नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) सोबत फिरतोय. स्टड फिरत असेल तर आटे गेलेले नाहीत, बुडाचा वेल्ड सुटलाय, आणि ते वेगळं दुखणं आहे. फक्त नट फिरत असेल तर शील्ड आणि नट यांच्यामध्ये पातळ स्क्रूड्रायव्हर घालून खाली ओढ द्या आणि ओढ ठेवूनच पाना फिरवा. बहुतेक वेळा उरलेल्या आट्यांना पकड मिळून नट उतरतो. नाहीच उतरला तर नट उभा चिरायचा, स्टड नाही.

नट निघाला की तारेच्या ब्रशने स्टड साफ करा. असे स्टड बऱ्याचदा एम ६ चे (६ मिलिमीटर जाडीचे), १.० पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर) असतात, पण अंदाजावर जाऊ नका, पिच गेजने मोजा. डाय (दांड्यावर आटे पाडायचं हत्यार) हाताने, सरळ, तेल लावून चालवा. बुडाशी चार-पाच आटे धड असतील तर नवा नट आणि मोठा वायसर पुरतो. शील्डचं भोक गंजून मोठं झालं असेल तर वायसर हवाच. आटे साफच गेले असतील तर दाबून बसवायचा स्प्रिंग नट मिळतो, तो गुळगुळीत दांड्यालाही दातांनी धरतो. हलक्या शील्डला माझ्या मते तो वेल्डिंगपेक्षा कितीतरी बरा. इपॉक्सीचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सायलेन्सरच्या उष्णतेत ते टिकत नाही.

स्टड मुळातूनच तुटला तर भोक पाडून रिव्हेट नट (भोकात दाबून बसवायचा, आतून आटे असलेला नट) बसवता येतो, पण आतून कार्पेट उचलून वायरिंग, पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी कुठून जाते ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नका. टाकीजवळचा स्टड असेल तर घरी हातच घालू नका. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीखाली तर मुळीच नाही. कापलेल्या कडेला प्राइमर आणि सीलंट लावायला विसरू नका. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

आणखी एक. नवा नट पहिले तीन-चार फेरे बोटांनीच चढवा. माझ्या स्टडचे आटे मुळात गेले ते कुणीतरी नट वाकडा धरून थेट इम्पॅक्ट गनने ठोकल्यामुळे.

स्टड फिरतोय की नाही एवढं बघून सांगा, पुढचं त्यावरच ठरेल. तोवर वेल्डिंगला हो म्हणू नका.