गॅरेजच्या दाराचा एक रिमोट हरवलाय, फक्त तेवढाच बंद करता येईल का?

चारपैकी एक रिमोट हरवलाय आणि बाकीचे तीन तसेच चालू ठेवायचे आहेत, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक ओपनरमध्ये (दार उघडणाऱ्या मोटरच्या यंत्रात) एकटा रिमोट काढून टाकायची सोय नसते. कोणत्या रिमोटचं ऐकायचं याची यादी छतावरच्या मोटरच्या डब्यात असते आणि ती पुसायची तर सगळीच पुसावी लागते. तरीही हे काम आजच उरकून घ्या. रिमोट गाडीतून गेला असेल आणि गाडीच्या कागदांवर घरचा पत्ता असेल, तर अजिबात थांबू नका.

आधी उरलेले तिन्ही रिमोट, दाराबाहेरचा कीपॅड आणि ज्या गाड्यांमध्ये दाराचं बटण बसवलेलं आहे त्या गाड्या, सगळं एकत्र आणा. पुसल्यावर यातलं काहीच चालणार नाही. शिडी दाराच्या वाटेत येणार नाही अशी लावा, कारण नोंदणी करताना दार मध्येच हलू शकतं.

डब्याच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगाला, बऱ्याचदा दिव्याच्या काचेआड, ‘लर्न’ बटण असतं. शेजारी छोटा एलईडी असतो. चेंबरलेन-लिफ्टमास्टरच्या बऱ्याच मॉडेलवर हे बटण साधारण ६ सेकंद, एलईडी विझेपर्यंत, दाबून धरलं की यादी पुसली जाते. इतर कंपन्यांची वेळ वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये बघा. मग प्रत्येक रिमोट दाबून बघा. एकानेही दार हललं तर यादी पुसली गेलेली नाही.

आता नोंदणी. लर्न बटण एकदाच दाबून लगेच सोडा. एलईडी लागला की सुमारे ३० सेकंद मिळतात, तेवढ्यात रिमोटचं हवं ते बटण दाबा. डब्यावरचा दिवा लुकलुकला किंवा ‘टक’ आवाज आला की झालं. प्रत्येक रिमोटसाठी हे पुन्हा करायचं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: दुसऱ्या रिमोटच्या वेळी बटण जास्त वेळ दाबलं जातं आणि पहिल्याची नोंदही पुसली जाते.

गाडीतल्या बटणाला दोन पायऱ्या लागतात. आधी ते चालू रिमोटवरून शिकवायचं, मग रोलिंग कोडचा (दर वेळी कोड बदलणारा) ओपनर असेल तर लर्न बटण दाबून गाडीतलं बटण दोन-तीनदा दाबायचं. गाडी विकताना ही नोंद पुसायला विसरू नका.

ओपनर जुना असेल आणि रिमोटच्या आत ८ ते १२ बारीक डिप स्विच (सरकवायची छोटी बटणं) दिसत असतील तर पुसण्यासारखं काही नाही. रिसीव्हरवरची (सिग्नल घेणाऱ्या भागावरची) आणि सगळ्या रिमोटवरची स्विचची मांडणी, म्हणजेच कोड, बदलावी लागेल. पण हा कोड दर वेळी तोच राहतो, त्यामुळे तो पकडून पुन्हा वापरता येतो. अशा ठिकाणी मी रोलिंग कोडचा वेगळा रिसीव्हर बसवायलाच सांगेन. मोटर तीच चालते.

हरवलेल्याच्या जागी नवा रिमोट घेताना फक्त फ्रिक्वेन्सी जुळून भागत नाही. ३१५, ३९० किंवा ४३३.९२ मेगाहर्ट्झ जुळले तरी कोडची पद्धत वेगळी असली तर नोंदणी होणार नाही. डब्यावरचा मॉडेल नंबर आणि लर्न बटणाचा रंग बघून घ्या, चेंबरलेन-लिफ्टमास्टरमध्ये रंगावरून पिढी कळते.

नोंद झाली पण रिमोट अगदी दाराजवळ आल्यावरच चालतो? आधी सेल बदला (बहुतेक सीआर २०३२, जुन्यात १२ व्होल्टचा ए२३). सेल बदलल्याने सहसा नोंद जात नाही. मग ओपनरमधला एलईडी बल्ब काढून बघा, काही बल्ब रिमोटच्या लहरींत अडथळा आणतात. डब्यातून लोंबणारी अँटेनाची वायर गुंडाळलेली असेल तर मोकळी सोडा, कापू मात्र नका. आणि भिंतीवरचं बटण चालतंय पण एकही रिमोट चालत नाही, असं झालं तर भिंतीवरच्या पॅनेलचं ‘लॉक’ चालू राहिलंय का ते बघा, बऱ्याच पॅनेलवर ते काही सेकंद दाबून धरलं की सुटतं.