नील बेटाला तीन तास? आधी ओहोटी किती वाजता ते विचारा

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. आई-बाबांना घेऊन अंदमानला निघाला आहात, मुक्काम हॅवलॉक बेटावर. एजंट सांगतोय की नील एवढंसं बेट, तीन तासांत उरकतं, मोबाइलवर नकाशा आहेच, वेगळा मुक्काम कशाला? आम्हाला अगदी हेच सांगितलं होतं. विमान, सेल्युलर जेल, बोटीचं आगाऊ आरक्षण यावर इथे भरपूर लिहिलं गेलंय, ते सोडून देते.

वाट चुकणार नाही, हे एजंटचं खरं आहे. नील जेमतेम 14 चौरस किलोमीटरचं. रस्ते मोजके, गावं रामायणातल्या नावांची: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. कुणालाही विचारा, हात करून दाखवतात. अडचण अशी की तिथली प्रत्येक जागा ठरावीक वेळेलाच बघण्यासारखी असते. भरतपूर जेट्टीला लागूनच आहे, पण काचेच्या तळाच्या बोटीत बसायचं तर पाणी भरलेलं हवं. नैसर्गिक पूल, म्हणजे खडकाची कमान, जिला तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात, तिथे पाणी उतरलेलं हवं, कारण वाट किनाऱ्यावरच्या खडकांतून जाते. लक्ष्मणपूरचा एक नंबरचा किनारा सूर्यास्ताचा, सीतापूर सूर्योदयाचं. आता या चार वेळा तीन तासांत कशा बसवणार, ते एजंटलाच विचारा.

आमच्या बाबांनी विचारलं होतं. ते कोकणातले, समुद्र बघत वाढलेले. पोर्ट ब्लेअरच्या एका बुकिंग ऑफिसात आदल्या संध्याकाळी छापील कार्यक्रम हातात पडला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "पुलाला अकरा वाजता नेताय, पण उद्या तिथे ओहोटी किती वाजता आहे?" काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका, सगळे पॉइंट होतात." बाबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर.

दुसऱ्या दिवशी नीलच्या जेट्टीवर गाडीवाला भेटला. स्थानिक मुलगा, स्वभावाने फार चांगला. त्याने कागद बघितला आणि लगेच म्हणाला की आत्ता पाणी चढतंय, पुलाजवळ जाताच येणार नाही, दुपारी उशिरा उतरेल. मग क्रम बदलू या म्हटलं, तर त्याला ऑफिसची परवानगी हवी होती. आम्ही फोन लावला. उत्तर मिळालं की ठरलेल्या क्रमानेच जायचं, बदल केला तर गाडीचे पैसे वेगळे, आणि परतीची बोट बदलून मिळणार नाही. शेवटी अकरा वाजता पुलाच्या पायऱ्यांशी उभे राहिलो. समोर सगळं पाणी, लाटा खडकांवर आपटत होत्या. बाबा बराच वेळ तिथेच थांबले. ओहोटीला त्या खडकांच्या खळग्यांत राहिलेल्या पाण्यात खेकडे, समुद्रकाकड्या दिसतात, ते त्यांना बघायचं होतं. पाणी उतरायला लागलं तेव्हा आम्ही परतीच्या बोटीत होतो.

नंतर लेखी तक्रार केली. उत्तर आलं, निसर्गावर आमचं नियंत्रण नाही. याचा मला आजही राग येतो. पाऊस, वादळ यांना हे उत्तर चालेल, भरती-ओहोटीला नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं वर्षभर आधी छापतो आणि त्यात पोर्ट ब्लेअर असतं. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरही अंदाज मिळतो. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे महिनाभर एकच छापील वेळापत्रक वाटणं हाच निष्काळजीपणा आहे. लोक आयुष्यात एकदा तिथे जातात, म्हातारी माणसं घेऊन जातात, आणि एक कोष्टक बघायचे कष्ट कुणी घेत नाही.

कोकणातल्या मंडळींसाठी एक सूचना. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला तीन वाजता, हे आपल्या किनाऱ्याचं गणित. अंदमानात ते बसत नाही, तिथलीच वेळ बघा.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: नीलला एक रात्र राहा, नाहीतर नील सोडून द्या. मी एजंट नाही, कुणाचं हॉटेल खपवत नाही. बोटींच्या वेळा आणि दर सारखे बदलतात, ते तुमचे तुम्ही तपासा. आणि आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर ओहोटीलाही पुलापर्यंत नेण्याचा आग्रह धरू नका. खडक शेवाळलेले आणि धारदार आहेत, चपला निसटतात, मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात.

हॅवलॉकचंही थोडं सांगते. तिथे ठिकाणं नंबराने ओळखतात. जेट्टी एक नंबर, बाजार तीन नंबर म्हणजे गोविंदनगर, विजयनगरचा किनारा पाच नंबर, राधानगर सात नंबर. बाजारातून एक रस्ता पूर्व किनाऱ्याने काळापत्थरपर्यंत जातो, दुसरा पश्चिमेला राधानगरला. एवढं लक्षात राहिलं की नकाशा उघडायची गरज नाही. बरीचशी हॉटेलं तीन आणि पाच नंबरच्या बाजूला आहेत आणि तिथे ओहोटीला समुद्र पार लांब जातो, खाली खडक आणि मेलेलं प्रवाळ उरतं. फोटोत दिसणारं खोलीसमोरचं निळं पाणी दिवसभर नसतं. पोहायचं तर राधानगर, तेही जीवरक्षक असतील तेवढ्याच भागात. 2010 मध्ये हॅवलॉकला मगरीने एका पर्यटक तरुणीचा जीव घेतला होता, त्यामुळे मगरीच्या पाट्या दिसल्या की ती बाजू सोडायची.

अंधार लवकर पडतो. घड्याळ भारताचं, पण बेटं 93 रेखांशाच्या आसपास, त्यामुळे मुंबईपेक्षा तासभर तरी आधी सूर्य मावळतो. डिसेंबरात सव्वापाचच्या आतच. स्कूटर घेतली तर राधानगरहून परतीचा 12 किलोमीटरचा रस्ता काळोखात आणि बराचसा झाडीतून असतो. आई-बाबा बरोबर असताना मी जाण्या-येण्याची रिक्षाच ठरवीन आणि रिक्षावाल्याला सूर्यास्तापर्यंत थांबायला सांगेन, कारण तिथे उभ्या उभ्या परतीचं वाहन मिळेलच असं नाही. सरकारी बस आहे, स्वस्त आहे, पण फेऱ्या कमी.

तिकिटावर स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक, शहीद द्वीप म्हणजे नील. ही नावं 2018 च्या डिसेंबरात बदलली. 2024 पासून पोर्ट ब्लेअरही श्री विजयपुरम झालंय. बोलताना सगळे जुनीच नावं घेतात. पोर्ट ब्लेअरला धक्के अनेक आहेत, म्हणून बोट फिनिक्स बेवरून सुटते की हॅडोवरून हे तिकीट घेतानाच लिहून घ्या. जवळ रोख ठेवा. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली तेव्हापासून इंटरनेट पूर्वीपेक्षा बरं आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. किनाऱ्यावर संध्याकाळी बारीक माश्या चावतात, आई-बाबांना लांब बाह्यांचे कपडे घाला. शंख-प्रवाळ उचलू नका, विमानतळावर सामान तपासतात.

एजंटला इतकंच विचारा: "आमच्या तारखेला नीलला ओहोटी किती वाजता?" सरळ उत्तर दिलं तर पैसे भरा. "सगळे पॉइंट होतात" म्हणाला तर दुसरा शोधा. तुमच्या तारखा इथे लिहिल्यात तर मी कोष्टकातून वेळा काढून देते, बोट त्याप्रमाणे घेता येईल.