वर्षाचा किराणा राहू द्या, आधी कार्ड मिटवा

प्रश्न: आम्ही चौघं, नाशिकला. दोन वर्षं किराण्याचे भाव वहीत मांडतेय. गेल्या वर्षी साधारण ८ टक्के वाढ दिसली. यंदा गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल वर्षभराचं एकदम भरायचं म्हणते. २४,००० लागतील. क्रेडिट कार्डावर घेऊ का? कार्डावर ७०,००० बाकी आहेत, पण मिनिमम (बिलातली किमान रक्कम) न चुकता भरतो. १ लाखाची एफडी आहे, ती मोडायची नाही.

उत्तर: ताई, वही छान आहे. घोळ शेवटच्या दोन वाक्यांत आहे.

मिनिमम भरून कर्ज फिटत नाही, फक्त दंड टळतो. कार्डाचं व्याज बहुधा महिना साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. ७०,००० वर महिन्याला २,९००, वर्षाचे ३५,००० धरा. एफडी वर्षाला ७,००० देत असेल, तेही करपात्र. ती सांभाळून तुम्ही बँकेला पोसताय.

शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पहिल्या दिवसापासून मीटर चालू. २४,००० वर महिन्याला हजार रुपये. आणि साठवणीत वाचणार किती? भाव वर्षात ८ टक्के चढले तरी धान्य हळूहळू संपतं, म्हणून सरासरी फायदा ४ टक्के, म्हणजे ९६० रुपये. वर्षाची बचत कार्ड एका महिन्यात गिळणार.

एफडी आजच मोडा. अर्धा-एक टक्का व्याज कापतील, कापू द्या. कार्डाची बाकी त्या दिवसापर्यंतच्या व्याजासकट विचारून पूर्ण भरा. पुढच्या बिलात थोडं व्याज तरीही येतं, तेही भरून टाका. उरलेले पंचवीसेक हजार अडीअडचणीला. मिनिममला जाणारे तीनेक हजार आता मोकळे होतील. किराणा त्यातून, रोखीने.

एकदम घ्यायचा तो गहू, फार तर तांदूळ. गहू एप्रिल-मेमध्ये, ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत. गरम भरला तर आत ओल धरते आणि कीड लागते. तेल दोन महिन्यांचं पुरे, जुनं तेल खवट होतं. तुरीवर पैज लावू नका: २०२३-२४ मध्ये चढलेली डाळ २०२५ मध्ये उतरली. महागात भरून ठेवणारे फसले.

वहीत पिशवीचा भाव लिहिता की किलोचा? एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पण तशाच दिसणाऱ्या ८५० ग्रॅमच्या पिशव्याही मिळतात. वजनाचा रकाना वाढवा, नाहीतर तुमचे ८ टक्केही खरे नाहीत.