काही सेकंदांची चक्कर आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची धास्ती

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे असून मी बँकेत नोकरी करते. गेल्या दीड महिन्यापासून अंथरुणावर उजव्या कुशीवर वळले, किंवा माळ्यावरचा डबा काढण्यासाठी मान वर केली, की सगळी खोली गरगर फिरू लागते. वीस-तीस सेकंदांत हे थांबते, थोडा वेळ मळमळते आणि मग मी नेहमीप्रमाणे कामाला लागते. याखेरीज पहाटे कधीकधी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. हात झटकला की त्या जातात. माझ्या चुलत बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे आणि तिच्या आजाराची सुरुवात चक्कर येण्यानेच झाली होती, असे घरात सांगतात. आमच्या डॉक्टरांनी मानेच्या मणक्यांची झीज झाल्याचे सांगून चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या असून त्या महिनाभर चालू आहेत. ही त्याच आजाराची सुरुवात असेल का? मेंदूचा एमआरआय लगेच करून घ्यावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या वर्णनावरून ही मल्टिपल स्क्लेरोसिसची सुरुवात असण्याची शक्यता फारच कमी वाटते. प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान करता येत नाही हे खरे असले, तरी तुमच्या पत्रातील दोन तपशील फार बोलके आहेत : चक्कर डोक्याच्या ठरावीक हालचालीनंतरच येते आणि अर्ध्या मिनिटात पूर्ण थांबते.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी नस यांतील तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. तिथे आलेली सूज अर्ध्या मिनिटात ओसरत नाही. त्यामुळे या आजाराचा झटका किमान २४ तास आणि बहुधा काही दिवस ते काही आठवडे टिकतो. मेंदूच्या तळाशी किंवा लहान मेंदूत असा डाग पडल्यास चक्कर येते, पण ती निजल्या-बसल्या कायम राहते, चालताना तोल जातो, आणि अनेकदा एका वस्तूच्या दोन दिसणे, चेहरा बधिर होणे किंवा बोलताना जीभ जड होणे अशा तक्रारी सोबत असतात. तुमच्या बहिणीची चक्कर किती दिवस टिकली होती, हे एकदा तिलाच विचारा. या आजारात काही सेकंदांचे झटकेही येतात, हे सांगायला हवे. मात्र त्यांत बोबडी वळणे, तोल जाणे किंवा हातपाय आखडणे असे प्रकार दिवसातून अनेकदा होतात आणि कुशीवर वळण्याशी त्यांचा असा नेमका संबंध सहसा नसतो.

मग ही चक्कर कशाची? आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणाऱ्या इंद्रियावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे असतात. ते जागेवरून सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोके हलवताच नलिकेतील द्रवासोबत तेही सरकतात, आणि शरीर स्थिर झाल्यावरही कान मेंदूला ‘आपण फिरतो आहोत’ असाच संदेश देत राहतो. खडे तळाशी बसले की चक्कर थांबते. या विकाराला डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात. चक्कर येण्याच्या कारणांत तो सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी आहे, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान आधीच झालेल्या रुग्णांनाही कूस बदलताना चक्कर येऊ लागली, तर पुष्कळदा दोष कानातल्या या खड्यांचाच निघतो.

याची तपासणी डिक्स आणि हॉलपाइक या डॉक्टरांनी १९५२ मध्ये वर्णन केली. रुग्णाला तपासणीच्या टेबलावर बसवून मान एका बाजूला ४५ अंश वळवतात आणि डोके टेबलाच्या कडेखाली किंचित झुकेल अशा रीतीने त्याला पटकन आडवे करतात. काही सेकंदांनी चक्कर सुरू होते आणि डोळ्यांची बुबुळे झटके देत फिरू लागतात. ती कोणत्या दिशेने फिरतात यावरून दोष कोणत्या कानात आहे ते कळते. त्याच टेबलावर उपचारही करता येतो. डोके क्रमाक्रमाने वळवून खडे नलिकेबाहेर काढण्याची जॉन एप्ली यांची पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि बहुतेकांना ती एक-दोनदा केल्यावर आराम पडतो. काहींना हा त्रास पुढे पुन्हा होतो, पण तेव्हाही हाच उपाय लागू पडतो. तो घरी करायचा असल्यास आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून समक्ष शिकून घ्यावा.

तुमच्या गोळ्यांबद्दल मला स्पष्टच लिहिले पाहिजे. त्या गोळ्यांनी खडे जागेवर जात नाहीत. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिनसारखी औषधे महिनोन्महिने घेतली तर हातांना कंप सुटणे, हालचाली मंदावणे असे दुष्परिणाम होऊ शकतात. मणक्यांची थोडीफार झीज तर वय वाढेल तशी अनेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते. त्यावरून चक्कर मानेची ठरवून गळ्यात पट्टा घालण्याचा जो प्रघात आपल्याकडे पडला आहे, त्यापायी कानाची ही साधी तपासणी राहून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एमआरआयची घाई करू नका. अर्धशिशी, रक्तदाब किंवा केवळ वाढते वय यांमुळेही मेंदूत बारीक पांढरे ठिपके दिसू शकतात. लक्षणे जुळत नसताना केलेल्या एमआरआयमध्ये असे ठिपके निघाले, अहवालात ‘डिमायलिनेशनची शक्यता’ (म्हणजे मायलिनचे आवरण झडल्याचा संशय) असे दोन शब्द आले, की निरोगी माणूसही वर्षानुवर्षे भीतीखाली जगतो, आणि क्वचित नको ती औषधेही सुरू होतात. या आजाराचे निदान सहसा केवळ चित्रावरून होत नाही. त्याला साजेशी लक्षणे बहुधा असावी लागतात आणि गरजेप्रमाणे पाठीच्या कण्यातील पाणीही तपासावे लागते.

मात्र पुढील गोष्टी घडल्या, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे अवश्य जावे : एका डोळ्याची नजर काही दिवसांत अंधूक होणे आणि डोळा फिरवताना दुखणे, एक हात, एक पाय किंवा कमरेखालचा भाग सलग दिवसभराहून अधिक काळ बधिर राहणे, मान खाली घालताच पाठीच्या कण्यातून विजेसारखी लहर जाणे, लघवीवरचा ताबा कमी होणे. अचानक तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, चालताच न येणे किंवा आजवर कधी नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, यांपैकी काही चक्करेसोबत झाले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

हात झटकल्यावर जाणाऱ्या पहाटेच्या मुंग्या बहुधा मनगटात नस दबल्यामुळे येतात. तरीही हिमोग्लोबिन, बी-१२ जीवनसत्त्व, साखर आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्या. तुम्ही पूर्ण शाकाहारी असाल, तर बी-१२ विशेष पाहावे. आनुवंशिकतेबाबत सांगायचे, तर पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांनुसार सख्ख्या भावंडाला हा आजार असल्यास धोका शंभरात दोन-तीन इतका असतो, आणि चुलत भावंडांच्या बाबतीत तो त्याहून बराच कमी असतो. भारतात हा आजार तिकडच्यापेक्षा मुळातच कमी आढळतो.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक करा : चक्कर आली असताना डोळे उघडे ठेवा आणि घरच्या कुणाला तरी मोबाइलवर जवळून त्यांचे चित्रण करायला सांगा. बुबुळांची ती हालचाल पाहून डॉक्टरांना पुष्कळ काही कळते. उपचार होईपर्यंत स्टुलावर चढून माळ्यावरचे सामान काढू नका, आणि त्रास चालू असलेल्या दिवसांत दुचाकी चालवू नका.