‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ फार आवडला. अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनचा त्याआधीचा कोणता अल्बम ऐकू?

‘यस्टरडेज वाइन’, १९७१ चा. मी तरी सगळ्यात आधी हाच ऐकायला सांगेन.

‘रेड हेडेड स्ट्रेंजर’मध्ये सलग एक गोष्ट आहे. ती रीत विलीने चार वर्षं आधी इथे वापरली होती. एका चुकत-माकत जगणाऱ्या साध्या माणसाचं जन्मापासून मरणापर्यंतचं आयुष्य यात आहे, म्हणून गाणी क्रमानेच ऐका. सुरुवातीला गाण्याआधी एक संवाद येतो: पृथ्वीवर कशासाठी जातोयस, ठाऊक आहे ना? हे जरा नाटकी वाटेल, पण तिथे थांबू नका.

तेव्हा विलीचे दिवस वाईट होते. टेनेसीतलं रिजटॉपचं घर जळालं आणि तो टेक्सासात बँडेराला जाऊन राहिला. गीतकार म्हणून नाव होतं (पॅट्सी क्लाइनने १९६१ मध्ये गायलेलं ‘क्रेझी’ त्याचंच), पण स्वतः गायलेल्या रेकॉर्डी फारशा खपत नव्हत्या. आरसीए कंपनीने नॅशव्हिलला रेकॉर्डिंगसाठी बोलावलं तेव्हा हाताशी पुरेशी नवी गाणी नव्हती. बरीचशी एका रात्रीत लिहिली, असं तो सांगत आला आहे.

‘फॅमिली बायबल’ हे गाणं मात्र जुनं. तंगीत असताना ते त्याने ५० डॉलरला विकलं होतं, आणि १९६० मध्ये क्लॉड ग्रेच्या आवाजात गाजलं तेव्हा गीतकार म्हणून विलीचं नावही नव्हतं. इथे तो ते स्वतः गातो, आवाज जराही न चढवता. मला हेच रूप जास्त खरं वाटतं.

कंपनीला असला अल्बम कसा विकायचा ते कळलंच नाही आणि तो मागे पडला. शीर्षकगीत पुढे जॉर्ज जोन्स आणि मर्ल हॅगार्डने गायलं, तेव्हा १९८२ मध्ये ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘मी अँड पॉल’ हे ड्रमर पॉल इंग्लिशबरोबरच्या भटकंतीचं गाणं, तेही छान आहे.

पण माझा जीव अडकलाय तो शेवटच्या ‘गोइंग होम’मध्ये. हा माणूस स्वतःच्याच अंत्यविधीला जमलेली माणसं बघतोय. हा किती वाया गेलेला होता, यावर त्यांच्या तासन्‌तास गप्पा चालल्यात. एक दोस्त दारूने पार आडवा झालाय. एकाला तो पत्त्यांत कधीही हरवू शकला असता. आणि एक बाई आहे, तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं आहे, हे त्याला दिसतं.