माउंट पिल्चकचा टेहळणी मनोरा: जूनमध्ये आईवडिलांना नेऊ नका

कळसूबाई आईवडिलांसह चढला आहात आणि अमेरिकेतल्या सिएटलजवळचा माउंट पिल्चकही साधारण तेवढाच, ५,३०० फुटांचा आहे, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांना शिखरावरच्या वणवा-टेहळणी मनोऱ्यापर्यंत न्यावे, असे आपण लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीही नेमका हाच हिशेब केला होता.

उंची सारखी असली तरी हा डोंगर ४८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि वाटेचा वरचा भाग जूनमध्ये, कधी जुलैतही, बर्फाखाली असतो. निघण्यापूर्वी आम्ही एका कार्यालयात फोन केला, तेव्हा "उघडे आहे" एवढेच उत्तर मिळाले. ते गाडीरस्त्याच्या फाटकाबद्दल होते. बर्फाचे आम्ही वेगळे विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. वृद्ध माणसे सोबत आहेत असे सांगणाऱ्याला ते एक वाक्य आपणहून सांगायला हवे होते, असे मला आजही तीव्रतेने वाटते.

जंगल संपून मोठ्या शिळा लागल्या तेथे वाट बर्फात नाहीशी झाली. उतरताना आम्ही कुणाच्या तरी पावलांच्या ठशांमागे गेलो आणि ते ठसे वाटेवरचे नव्हतेच. शिळांमधल्या पोकळीवरचा बर्फ वरून भक्कम दिसतो. त्यात वडिलांचा पाय मांडीपर्यंत रुतला आणि घोटा मुरगळला. पुन्हा वर चढून खरी वाट सापडेपर्यंत दोन तास गेले, आणि ते सगळे अंतर वडील माझ्या खांद्यावर भार टाकून चालले.

मी जाणकार मार्गदर्शक नाही आणि बर्फ दरवर्षी सारखा नसतो. तरीही माझे मत स्पष्ट आहे की ज्येष्ठांना ऑगस्टपूर्वी तेथे नेऊ नये. ऑगस्टमध्येही शेवटी शिळांवर हात टेकत चढून शिडीने मनोऱ्यात जावे लागते, तेव्हा गुडघे दुखत असतील तर अलीकडेच थांबावे. राज्य उद्यान असले तरी वाटेच्या पायथ्याशी नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास (केंद्रीय वनखात्याचा गाडी लावण्याचा परवाना) लागतो. गाड्यांच्या काचा फोडून चोऱ्या झाल्या आहेत, म्हणून पासपोर्ट गाडीत ठेवू नका.

जूनच नक्की असेल तर इंडेक्स गावाजवळचा हेब्रूक मनोरा पाहा. चढण सुमारे ८५० फुटांची आहे, वाट जंगलातून जाते, आणि वरून समोर माउंट इंडेक्सचे सुळके दिसतात.