आई तेच तेच विचारते, हे वयामुळे की डिमेंशिया?

तुम्ही लिहिलंय की आई ७४ च्या आहेत, शेजाऱ्यांची नावं आठवत नाहीत, चष्मा शोधत बसतात आणि सहा महिन्यांपासून एकच गोष्ट तासाभरात चार वेळा विचारतात. मी डॉक्टर नाही, पण घरात दोन्ही प्रकार बघितलेत म्हणून लिहितोय.

चष्मा आणि नावांचं मला फारसं काही वाटत नाही. नाव ओठावर येऊन अडतं आणि संध्याकाळी भाजी निवडताना आपोआप आठवतं, ते वयाचं. पण आधी विचारलंय हेच लक्षात नसणं, त्यासाठी मात्र दाखवून घ्या.

आम्ही आमच्या आईच्या बाबतीत "वय झालं आता" म्हणत दोन वर्षं काढली. माझी ट्यूब पेटली ती होळीला. पन्नास वर्षं पुरणपोळ्या केलेली बाई, डाळ शिजवली, कट काढला आणि पातेल्यासमोर नुसती उभी, मला म्हणते, आता काय करायचं असतं रे? मग मागचं सगळं आठवायला लागलं, पेन्शनचे पैसे मोजताना उडणारा गोंधळ, कामवाल्या मावशींनी पाटल्या चोरल्या म्हणून केलेला तमाशा (पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, तोवर मावशी काम सोडून गेल्या होत्या, त्याची लाज अजून वाटते).

मामाचं उलटं. त्याचंही तसंच सुरू झालं तेव्हा आम्ही धरूनच चाललो की हे घराण्यातच आहे. निघालं काय, तर बी१२ एकदम कमी. शाकाहारी माणूस, वर शुगरसाठी बारा-पंधरा वर्षं मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी, या दोन्हींनी बी१२ कमी होऊ शकतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. इंजेक्शनं झाली, कानाला मशीन लावलं (निम्म्या गोष्टी त्याला ऐकूच येत नव्हत्या आणि आम्ही म्हणत होतो विसरला), तीन-चार महिन्यांत गडी परत पेपरातलं शब्दकोडं सोडवायला लागला.

म्हणून आधी बी१२, थायरॉइड, शुगर, सोडियम एवढं रक्त तपासून घ्या. चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडतो. वडील मागच्या वर्षी गेले असं तुम्ही लिहिलंय, तर डिप्रेशनही असंच दिसतं, तेही डॉक्टरना सांगा. मध्ये कधी पडल्या होत्या का ते आठवा, डोक्याला मार लागला तर काही आठवड्यांनीसुद्धा आत रक्त साठलेलं निघतं. आणि एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागल्या तर त्याच दिवशी न्या, साध्या युरिन इन्फेक्शननेही तसं होतं.

माझ्या आईला मात्र डिमेंशियाच निघाला, आता त्यासाठीची डोनेपेझिल ही गोळी चालू आहे. त्याने आजार काही थांबत नाही, काही दिवस जरा बरं चालतं इतकंच.

नेताना शुगर-बीपी दाखवायला म्हणून न्या आणि काय काय झालं ते तारखेसकट कागदावर लिहून आधी आत द्या. मी आईसमोरच सगळं सांगत बसलो, तर ती म्हणाली, याचं काही ऐकू नका डॉक्टर, यालाच तपासा. आम्ही हसलो सगळे. मग त्यांनी तिला घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं, तर बाराही आकडे तिने एकाच बाजूला गोळा केले होते.